निरोपाची बाजारपेठ : सुरतेच्या संदेशवहनाचा इतिहास

सुरतेच्या व्यापाराचा विचार करताना कापड, नीळ, जर, हिरे आणि हुंडी यांची नावे आधी पुढे येतात. परंतु या सर्व जिनसांच्या आधी आणि त्यांच्याहून अधिक वेगाने जी गोष्ट तापीकाठच्या या शहरात विकली आणि विकत घेतली गेली, ती म्हणजे निरोप. जहाज सुवालीच्या बंदराला लागले की नाही, आग्र्याला नीळ काय भावाने गेली, मुंबईत कोणती पेढी अडचणीत आहे, हे एक दिवस आधी कळणे हा येथे नफ्याचा भाग होता आणि त्याची किंमत ठरलेली असे. ज्याला वाट पाहणे परवडत नव्हते त्याने प्रत्येक काळात पैसे मोजून वेग मिळवला, आणि ज्याला पैसे मोजणे परवडत नव्हते तो वाट पाहत राहिला. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात दूरसंचाराची जी अफाट बाजारपेठ उभी राहिली ती मुख्यतः या वाट पाहणाऱ्यांच्या पैशावर उभी राहिली, आणि हे सुरतेच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके फार थोड्या शहरांत दिसते.

सतराव्या शतकात सुरत हे मुघल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते. इंग्रजांची वखार १६१३ च्या सुमारास येथे स्थिरावली, तिच्यामागोमाग डच आणि शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच आले. हजच्या यात्रेकरूंची जहाजे, मोखा व बसऱ्याचा व्यापार आणि बुऱ्हाणपूरमार्गे उत्तरेकडे जाणारे काफिले यांची गाठ या एकाच ठिकाणी पडत असे. काफिल्याला आग्र्यास पोहोचण्यास पस्तीस ते चाळीस दिवस लागत, म्हणून मालाच्या आधी बातमी पोहोचवण्यासाठी कासिद, म्हणजे मजल दरमजल चालत पत्रे नेणारे जासूद, नेमले जात. मुघलांची डाकचौकी, म्हणजे ठरावीक अंतरावर माणसे आणि घोडे बदलण्याची सरकारी व्यवस्था, दरबाराच्या कामासाठी होती. व्यापाऱ्याला आपला कासिद स्वतःच्या खर्चाने पाठवावा लागे. लंडनशी होणारा पत्रव्यवहार मोसमी वाऱ्यांवर अवलंबून असल्यामुळे प्रश्न विचारल्यापासून उत्तर हाती येईपर्यंत दीड-दोन वर्षे सहज जात, आणि पत्र वाटेत गहाळ होणार हे गृहीत धरून ईस्ट इंडिया कंपनी त्याच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी किंवा बसरा-अलेप्पोच्या खुष्कीच्या मार्गाने रवाना करी. सुरतेतील इंग्रज प्रमुखाला जे निर्णयस्वातंत्र्य मिळाले त्याचे एक मोठे कारण हा विलंबच होता.

निरोप हरवण्याची हीच शक्यता देशी सराफांनी अधिक बारकाईने हाताळली होती. हुंडी म्हणजे एका गावच्या सराफाने दुसऱ्या गावच्या आपल्या आडत्याला अमुक रक्कम देण्याविषयी लिहिलेला आदेश. तो दाखवताच पैसे देणे असेल तर दर्शनी हुंडी, ठरावीक दिवसांनी देणे असेल तर मुदती हुंडी, आणि केवळ बाजारात पत असलेल्या व्यक्तीमार्फतच वटवायची असेल तर शाहजोग हुंडी, असे तिचे प्रकार होते. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत, म्हणजे पेठ, काढली जाई. तीही गेली तर परपेठ, आणि त्यानंतरही प्रश्न उरला तर मेजर नावाचा, पंचांच्या साक्षीने केलेला लेख. एकच निरोप चार वेळा पाठवूनही पैसे मात्र एकदाच दिले जातील, ही हमी कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ पेढ्यांच्या परस्पर पतीवर टिकून होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्रवाडी अर्जुनजी नाथजी यांच्यासारख्या सुरतेच्या सराफांनी बंगालवर काढलेल्या हुंड्यांतून मुंबईच्या कंपनी सरकारला पैसा पुरवला, आणि मराठ्यांशी झालेल्या युद्धांच्या काळात कंपनीला या पुरवठ्याचा मोठा आधार मिळाला. पैशाचे वहन हे मुळात निरोपाचेच वहन असते, हे या पेढ्यांना पूर्णपणे ठाऊक होते.

या व्यवस्थेची मर्यादा मराठी वाचकाला परिचित असलेल्या एका घटनेत उघडी पडली. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांची फौज शहराच्या दक्षिणेस गणदेवीपर्यंत येऊन ठेपली तेव्हा सुरतेला त्याची खबर जेमतेम आदल्या दिवशी लागली, आणि ती ऐकूनही शहराचा सुभेदार इनायत खान याने संरक्षणाची तजवीज न करता किल्ल्याचा आश्रय घेतला. वीरजी व्होरा आणि हाजी झाहिद बेग हे आशियाच्या किनाऱ्यावरील दूरदूरच्या बंदरांतील भाव जाणणारे व्यापारी होते. त्यांच्याकडे खंडणीची मागणी घेऊन महाराजांचे दूत आले तेव्हा मात्र एक-दोन दिवसांच्या अंतरावरील घोडदळाची पूर्वसूचना त्यांच्यापाशी नव्हती. व्यापारी जाळे ज्या बातमीवर नफा होता तीच बातमी वाहत होते. रयतेच्या सुरक्षिततेची बातमी आणणे हे राज्याचे काम होते, आणि राज्याने त्यासाठी खर्च केला नव्हता. दूरसंचाराच्या पुढील इतिहासातही या दोन प्रकारच्या निरोपांमधील अंतर वारंवार आढळते, म्हणून या घटनेकडे केवळ लष्करी प्रसंग म्हणून पाहणे अपुरे ठरते.

कंपनीचे मुख्य ठाणे १६८७ मध्ये मुंबईला हलले, १८०० मध्ये शहराचा कारभार पूर्णपणे इंग्रजांच्या हाती गेला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुरत हे मुंबईच्या आश्रयाने जगणारे शहर झाले. तारायंत्राची पहिली मोठी भारतीय जाळी १८५० च्या दशकात कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास यांना जोडत उभी राहिली. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा लोहमार्ग १८६४ च्या अखेरीस सुरतेहून मुंबईपर्यंत पूर्ण झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लिव्हरपूलच्या गिरण्यांना भारतीय कापसाची गरज पडली होती आणि तेथील बाजारात या कापसाला ‘सुरत’ याच नावाने ओळखले जात असे. इराणच्या आखातातील समुद्री तार १८६४ मध्ये टाकली गेली, पुढील वर्षी भारत युरोपशी तारेने जोडला गेला, आणि त्याच १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले. सुरतेत जन्मलेले प्रेमचंद रायचंद हे मुंबईच्या शेअर बाजारातील त्या काळचे सर्वांत बलाढ्य नाव. त्या पडझडीत त्यांचेही साम्राज्य ढासळले. तारेने बाजाराला वेग दिला, पण शहाणपण दिले नाही. १८७० मध्ये सुएझ-एडनमार्गे मुंबईला येणारी समुद्री तार पूर्ण झाल्यावर लंडनचा भाव काही तासांत कळू लागला, आणि शब्दागणिक पैसे पडत असल्यामुळे एका शब्दात एक वाक्य बसवणाऱ्या सांकेतिक कोशांचा वापर मोठ्या पेढ्यांत रूढ झाला.

तारेचे राजकीय सामर्थ्य सुरतेने डिसेंबर १९०७ मध्ये अनुभवले. राष्ट्रीय सभेचे अधिवेशन येथे फुटले, व्यासपीठाच्या दिशेने मराठी जोडा फेकला गेला आणि जहाल-मवाळ वेगळे झाले, ही हकिगत मराठी वाचकाला परिचित आहे. तिच्यामागील तारेची भूमिका तितकी परिचित नाही. टिळकपक्षाने नंतर प्रसिद्ध केलेल्या निवेदनानुसार, नियोजित अध्यक्ष रासबिहारी घोष यांचे भाषण सुरतेच्या मंडपात वाचले जाण्याआधीच कलकत्त्याच्या वृत्तपत्रांत छापून आले होते, आणि त्यात जहालांवर कठोर टीका असल्याचे कलकत्त्याहून आलेल्या तारांमुळे सायंकाळी सुरतेत कळले. ठरावांच्या मसुद्यांवरून आधीच चिघळलेले वातावरण त्या तारांनी अधिक तापवले. वक्त्याच्या तोंडून शब्द निघण्यापूर्वी ते हजारो किलोमीटरवरून फिरून श्रोत्यांपर्यंत पोहोचावेत, ही सभाशास्त्राच्या दृष्टीने नवीनच परिस्थिती होती, आणि तडजोडीसाठी लागणारा अवधी तिने हिरावून घेतला.

देशातील तारव्यवस्थेवर राज्याची मालकी होती. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तार आणि पुढे दूरध्वनी चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला. स्वातंत्र्यानंतर तोच कायदा चालू राहिला आणि मंजूर झाल्यापासून शंभराहून अधिक वर्षांनी, २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने, त्याची जागा घेतली. स्वतंत्र भारताच्या नियोजनात दूरध्वनी ही चैनीची वस्तू मानली गेल्यामुळे त्यावरचा खर्च आखडता राहिला, आणि १९९१ मध्येसुद्धा देशात सुमारे ५० लाख दूरध्वनी, म्हणजे शंभर माणसांमागे एकाहूनही कमी, अशी स्थिती होती. ज्याला लवकर जोडणी हवी त्याने ‘ओन युअर टेलिफोन’ या योजनेखाली मोठी अनामत भरावी आणि बाकीच्यांनी सर्वसाधारण यादीत वर्षानुवर्षे थांबावे, असा नियमच होता. हा नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. तुटपुंज्या साधनांचे वाटप करण्याची ती एक रीत होती. परंतु तिने बाजारपेठेचे मोजमापच चुकवले, कारण जो माणूस यादीत नाव नोंदवायलाही येत नाही त्याची गरज कोणत्याही आकड्यात उतरत नव्हती.

सुरत याच काळात वेगाने वाढत होती. १९५१ मध्ये सव्वादोन लाखांच्या आत असलेली लोकसंख्या १९९१ मध्ये पंधरा लाखांच्या घरात गेली. उधना आणि पांडेसऱ्यात कृत्रिम रेशमाचे यंत्रमाग, रिंगरोडवर कापड बाजारांच्या इमारती, महिधरपुरा आणि वराछात हिऱ्यांचे व्यवहार वाढले. कापडाचा आडत्या परगावच्या दुकानदाराची मागणी ट्रंक कॉलवर घेई. ट्रंक कॉल म्हणजे एक्स्चेंजमधील ऑपरेटरकडे नोंदवून मिळणारा परगावचा दूरध्वनी. तो साधा, अर्जंट आणि लाइटनिंग अशा चढत्या दरांचा असे, आणि घाई जितकी अधिक तितके पैसे अधिक. हिऱ्यांच्या धंद्यात निरोपाबरोबर मालही तितक्याच विश्वासाने हलवावा लागे. परदेशातून मुंबईला आलेले कच्चे हिरे पैलू पाडण्यासाठी सुरतेला येत आणि तयार होऊन मुंबईच्या ऑपेरा हाऊस भागात परत जात; २६३ किलोमीटरच्या या रेल्वेप्रवासात त्यांची ने-आण आंगडिये करीत. आंगडिया म्हणजे मोबदला घेऊन मौल्यवान माल आणि रोकड पोहोचवणारी पेढी आणि तिचा माणूस. त्याच्या व्यवहारात कागद थोडा आणि पत मोठी, हे हुंडीच्या परंपरेशी जुळणारे लक्षण. दूरध्वनीने आंगडियाचे काम कमी केले नाही. उलट भाव दूरध्वनीवर ठरू लागल्याने माल अधिक वेळा हलू लागला.

सुरतेच्या या भरभराटीमागील श्रमाचा मोठा वाटा खान्देशाचा आहे. सुरत ते भुसावळ या मार्गावरील तापी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास पूर्ण झाली, आणि नंदुरबार, धुळे, जळगाव या भागांतील माणसांसाठी सुरत हे मुंबईपेक्षा जवळचे शहर ठरले. लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा या वस्त्यांत मराठी आणि अहिराणी आजही घराघरांत बोलली जाते. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेले यंत्रमाग कामगार याच परिसरात राहतात. या कुटुंबांच्या दृष्टीने दूरसंचार म्हणजे दीर्घकाळ केवळ पोस्टकार्ड आणि मनिऑर्डर होते. मनिऑर्डरच्या कुपनावर जी दोन ओळींची जागा असे तीत खुशाली, पावसाची चौकशी आणि पुढच्या पैशाचे आश्वासन मावे; तार मात्र आजारपण किंवा मृत्यू यांसाठीच राखीव समजली जाई, त्यामुळे तारवाल्याला दारात पाहून घरात रडारड सुरू होई. व्यापाऱ्यासाठी जी तार नफ्याची होती ती मजुरासाठी संकटाची खूण होती. एकाच यंत्राचे हे दोन अर्थ शेजारशेजारच्या मोहल्ल्यांत अनेक दशके नांदले, आणि सुरतेच्या सामाजिक इतिहासात त्यांची दखल घेतली गेली पाहिजे.

हे अंतर प्रथम कमी केले ते एस.टी.डी.-पी.सी.ओ. या सार्वजनिक दूरध्वनीच्या काचेच्या खोक्याने. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने उष्ण, धुळीच्या आणि वातानुकूलन नसलेल्या जागी चालणारी देशी एक्स्चेंजे तयार केली, त्यामुळे लहान गावे स्वयंचलित जाळ्यात येऊ लागली. त्याच दशकाच्या अखेरीस खासगी चालकांना दलालीवर सार्वजनिक दूरध्वनी चालवण्याची मुभा व्यापक प्रमाणात मिळाली, आणि परवाना देताना अपंग व माजी सैनिकांना प्राधान्य दिले गेले. एस.टी.डी. म्हणजे ऑपरेटरशिवाय परगावी थेट क्रमांक फिरवण्याची सोय. रात्री अकरानंतर दर पावपट होत असल्यामुळे बूथबाहेर रांगा लागत, आणि बारा तासांच्या पाळीतून सुटलेला कारागीर गावातील एखाद्या दुकानाच्या किंवा शेजाऱ्याच्या ‘पी.पी.’ क्रमांकावर, म्हणजे ज्याच्याकडून निरोप देऊन घरच्यांना बोलावून घेता येईल अशा क्रमांकावर, आधी एकदा आणि घरचे माणूस येईपर्यंत थांबून पुन्हा एकदा फोन लावी. ज्याच्या नावावर दूरध्वनी नाही तोही दूरध्वनीचा ग्राहक असतो, आणि असे ग्राहक यादीतील ग्राहकांपेक्षा कितीतरी अधिक असतात, हे या रांगांनी दाखवून दिले. धोरणकर्त्यांना आकड्यांतून जे दिसले नव्हते ते बूथचालकाला त्याच्या गल्ल्यात रोज दिसत होते.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली तेव्हा अवघ्या काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. वृत्तपत्रे, दूरध्वनी आणि तोंडी अफवा यांनी मिळून ही बातमी इतक्या वेगाने पसरवली की रोगनिदानाची खातरजमा तिच्या फार मागे राहिली. १६६४ मध्ये जी खबर उशिरा लागली होती तिच्या उलट टोकाची ही अवस्था होती. वेगवान साधन हाती असूनही शासनाचा विश्वासार्ह निरोप वेळेवर मिळाला नाही, तर माणसे मिळेल त्या निरोपावर चालतात. त्यानंतर महापालिकेने स्वच्छतेच्या कामात जी सुधारणा केली तिची वाखाणणी देशभर झाली आणि ती योग्यच होती.

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले. जुलै १९९५ मध्ये देशातील पहिला मोबाइल संवाद कलकत्ता आणि दिल्ली यांदरम्यान झाला, आणि १९९७ मध्ये बिर्ला एटी अँड टी या कंपनीने महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही ‘सर्कल’मध्ये सेवा सुरू केली. सर्कल म्हणजे परवान्यासाठी आखलेला प्रदेश. त्याच्या सीमा बहुतेक ठिकाणी राज्यांच्या सीमांवर बेतलेल्या होत्या. येथेच सुरतेच्या मराठी वस्तीचा विशेष प्रश्न निर्माण झाला. १ मे १९६० पर्यंत सुरत आणि खान्देश हे एकाच मुंबई राज्याचे भाग होते, आणि रेल्वेने, बाजाराने व सोयरिकीने ते त्यानंतरही एकच राहिले. परंतु परवान्यांच्या नकाशात सीमेवरचे नवापूर ओलांडताच दुसरे सर्कल लागत असल्यामुळे लिंबायतमधून नंदुरबारला केलेला फोन परप्रांताचा ठरे आणि गावी नेलेल्या मोबाइलवर रोमिंगचा, म्हणजे परक्या जाळ्यात वावरण्याचा, वेगळा आकार पडे. कच्छमधल्या भुजला केलेला फोन मात्र त्याच सर्कलमधला होता. श्रमाचा नकाशा तापीच्या खोऱ्याने आखला होता आणि दरपत्रकाचा नकाशा प्रशासनाने. या विसंगतीचा भुर्दंड कामगार कुटुंबांनी वर्षानुवर्षे भरला.

सुरुवातीचे दर मिनिटाला ८ रुपये ४० पैसे आणि गर्दीच्या वेळी १६ रुपये ८० पैसे होते, शिवाय आलेल्या फोनलाही पैसे पडत, त्यामुळे मोबाइल प्रथम हिरे दलाल आणि कापड व्यापाऱ्यांच्याच हाती दिसला. १९९९ च्या धोरणाने कंपन्यांकडून ठोक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नाचा हिस्सा घेण्यास सुरुवात केली, २००३ मध्ये येणारे फोन विनामूल्य झाले, २००४ मध्ये देशातील मोबाइलधारकांची संख्या तारेच्या दूरध्वनींपेक्षा अधिक झाली, आणि मार्च २००६ मध्ये सरकारी बी.एस.एन.एल.ने देशात कोठेही एक रुपया मिनिट हा दर आणला. या शेवटच्या निर्णयाने भूगोलाचा खर्च बराचसा पुसला गेला. दहा-वीस रुपयांचे रिचार्ज, उत्तर न देता केवळ वाजवून ठेवायचा ‘मिस्ड कॉल’ आणि जुन्या हँडसेटची दुरुस्ती करणारी टपरी यांवर उभी राहिलेली ही बाजारपेठ पगारदारांच्या बिलांपेक्षा मोठी निघाली. तारसेवा १५ जुलै २०१३ रोजी कायमची बंद झाली तेव्हा तिची उणीव या वस्त्यांत कोणाला भासली असेल असे वाटत नाही.

सुरतेचा या उद्योगाशी भांडवलाच्या बाजूनेही संबंध आहे. रिलायन्स समूह पॉलिएस्टर धाग्यावर वाढला, त्याचा सुरतेजवळील हजिऱ्याचा प्रकल्प १९९० च्या दशकाच्या आरंभी उभा राहिला, आणि त्या धाग्याची मोठी बाजारपेठ सुरतेचे यंत्रमाग होते. याच समूहातून २००२ च्या अखेरीस मोबाइल सेवा आली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, ज्याने देशांतर्गत फोन आणि रोमिंग यांचे वेगळे आकार काढून टाकले. त्यानंतर रिंगरोडच्या बाजारात साड्यांच्या छायाचित्रांची देवाणघेवाण व्हॉट्सअ‍ॅपवर होऊ लागली आणि गावोगावच्या घरबसल्या विक्रेत्या स्त्रियांपर्यंत माल मधल्या आडत्याविना पोहोचू लागला. जुलै २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर लागू झाला तेव्हा येथील कापड व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. त्यांचा विरोध कराइतकाच प्रत्येक व्यवहाराचे विवरण संगणकावर भरण्याच्या सक्तीलाही होता, कारण पतीवर आणि तोंडी शब्दावर चालणाऱ्या धंद्याचा अंतर्भाग त्यामुळे प्रथमच राज्यापुढे उघडा होत होता.

एप्रिल आणि मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, सुरतेतील कामगार गावी जाऊ देण्याच्या मागणीसाठी वारंवार रस्त्यावर उतरले, आणि त्या निदर्शनांची दृश्ये त्यांच्याच मोबाइलमधून देशभर पोहोचली. याच मोबाइलवर त्यांना परतीच्या प्रवासासाठी ऑनलाइन नोंदणी करण्यास सांगितले गेले. ज्याचे काम बंद, ज्याची मजुरी थकलेली आणि ज्याच्या रिचार्जची मुदत संपत आलेली, त्याला अर्ज भरण्यासाठी पुन्हा शेजाऱ्याच्या फोनवर विसंबावे लागले. आणि अर्ज पोहोचल्यानंतरही गाडी कधी सुटणार याचे उत्तर मिळण्यासाठी त्याला थांबावेच लागले.